उष्टा शंख

देवीची माझ्यावर कृपा झाली असं मी सांगायला लागलो की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघतात. त्यांचं तरी काय चुकलं? डावा गाल आत ओढलेला, जबड्याचं हाड एका बाजूनं नाहीच, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळते ती टिपायला खांद्यावर कायम एक फडकं. असा माणूस कृपेच्या गोष्टी करतो म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात येणारच, की बाबा, ही कृपा असेल तर कोप कसा असतो? एके काळी मीही हेच म्हणत होतो. कोपच झालाय अशी माझी पक्की खात्री होती आणि त्या खात्रीपायीच माझं तोंड गेलं. ते कसं, तेवढं सांगतो.

आम्ही गुरव. औंधापासून दोन कोसांवर आमचं गाव. औंधच्या यमाईची धाकटी बहीण मानतात अशी आमच्या गावची यमाई, आणि तिची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडं. माझं वय तेव्हा चाळिशीच्या थोडं पुढं होतं. सकाळ-संध्याकाळ पूजा, आरती आणि आरतीआधी शंख. शंखाचा मला भारी गर्व. ओढ्यापलीकडच्या मळ्यापर्यंत माझा शंख ऐकू जायचा, त्यावर लोक मोटेचे बैल सोडायचे. जेवढा गर्व शंखाचा, तेवढाच नाद तंबाखूचा. चुन्यात मळलेली चिमूट डाव्या गालात धरल्याशिवाय मला सुचायचं नाही, झोपेतसुद्धा ती तिथंच असायची. मात्र वडिलांनी एक दंडक घातला होता. शंखाला ओठ लावायच्या आधी चिमूट थुंकायची आणि तीन चुळा भरायच्या. उष्ट्या तोंडानं शंख वाजवणं म्हणजे देवीच्या अंगावर उष्टं टाकणं, असं ते सांगायचे.

एका नवरात्रात, अष्टमीच्या संध्याकाळी, देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पालखी उचलायला माणसं खोळंबलेली. “गुरव, शंख! शंख!” असा ओरडा झाला आणि मी गडबडीत तसाच शंख तोंडाला लावला. वाजवून झाल्यावर गालातली चिमूट जिभेला लागली. अंगातून वीज गेल्यासारखं झालं. कुणाला काही कळलं नव्हतं. मीही काही बोललो नाही. दोन-तीन महिन्यांनी बरोबर त्याच जागी, डाव्या गालाच्या आत, एक फोड आला. आता मला दुसरं काही वाटणं शक्य होतं का? मनात म्हटलं, गुरवा, भोग आता.

त्या फोडाविषयी मी कुणाला चकार शब्द सांगितला नाही. सांगायचा तर पापही सांगावं लागलं असतं. मग माझं मीच प्रायश्चित्त ठरवलं. तंबाखू सोडली, एवढी एकच शहाणपणाची गोष्ट केली. तंबाखूच्या जागी देवीचा भंडारा धरायला लागलो. फोडावर हळद दाबून नऊ मंगळवार निर्जळी उपास केले. फोड जाईना, तर आणखी नऊ केले. तो वाढत चालला तशी देवी अजून प्रसन्न झाली नाही एवढंच मला कळत होतं. वैद्याकडं जावं असं मनात यायचं, पण शिक्षेला कुठं औषध असतं, असं म्हणून मी मागं फिरायचो. केवढा मूर्खपणा! पण तेव्हा तीच मला भक्ती वाटत होती.

हळूहळू तिखट बंद झालं. भाकरी ताकात कुस्करून गिळायला लागलो. तोंड एका बोटापुरतंही उघडेना. शेवटी एका संध्याकाळी भर आरतीला शंख फुंकला आणि नुसती फुस्स हवा निघाली. पुन्हा फुंकला, पुन्हा फुस्स. लोक एकमेकांकडं बघायला लागले. माझ्या धाकट्या भावानं हळूच माझ्या हातातला शंख घेतला आणि वाजवला. तो आवाज ऐकत मी खांबाला टेकून उभा राहिलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला मरणाची भीती वाटली.

घरी आल्यावर बायकोनं चिमणी जवळ धरली आणि म्हणाली, “आ करा.” जेवढं दिसलं तेवढं बघून तिनं चिमणी खाली ठेवली. मग मी सगळं सांगून टाकलं, अष्टमीची चिमूट, भंडारा, अठरा मंगळवार. मला वाटलं, ती रडेल. ती चिडली. म्हणाली, “आवं, उभ्या गावाची आई हाय ती. लेकराचं त्वांड खरकटं हाय म्हून कुठली आई गाल कुजवती व्हय? आन् तिला रागवायचंच आसंल तर मिरजंत रागवू दे. चला, उद्याच्या गाडीनं जायाचं.”

लढाईचे दिवस होते. रहिमतपूरच्या स्टेशनावर गाडी आली ती पलटणीतल्या पोरांनी खचाखच भरलेली. त्यातल्या एकानं माझं तोंड बघून आपली वळकटी खाली घेतली आणि मला बसायला जागा दिली. मिरजेच्या इस्पितळात डॉक्टरांनी बराच वेळ बॅटरी लावून बघितलं. कॅन्सर हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. “बुवा, वर्षभर काय करत होता?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “उपास.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाल आणि जबड्याचा तुकडा काढावा लागेल म्हणाले. मी विचारलं, “मला गाभाऱ्यात उभं राहता येईल का?” त्यांना वाटलं, मी पायांचं विचारतोय. म्हणाले, “चालाल, फिराल, न यायला काय झालं?” त्यांना काय सांगणार? आमच्यात अंगात व्यंग असलेला माणूस देवीला हात लावत नाही. आणि ज्याची लाळ बारा महिने तेरा काळ गळते तो तर कायमचाच उष्टा. माझा जीव वाचणार होता आणि माझं जगणंच जाणार होतं. त्या दिवशी मी देवीला काही मागितलं नाही. मागायला तोंड कुठं होतं?

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस मला नीट आठवत नाहीत. क्लोरोफॉर्मचा वास, नाकातून घातलेली रबरी नळी आणि उशाशी बसलेली बायको एवढंच आठवतं. आरसा कुणी देत नव्हतं. एके दिवशी पितळी तांब्याच्या पोटात मला माझा चेहरा दिसला. तांब्यात चेहरा वाकडाच दिसतो अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तोंड भिंतीकडं करून दिवसभर रडलो. रडतानाही लाळ गळत होती. आपण आता माणसात नाही, असं मला वाटलं.

त्या खोलीत तोंडाचे आम्ही पाच जण होतो. कुणाची जीभ गेलेली, कुणाचा ओठ. सगळ्यांत जुना म्हणजे बिरूमामा, जतकडचा धनगर, साठीचा. त्याचा खालचा जबडा अर्धा काढलेला होता. त्याचं बोलणं समजायला मला चार दिवस लागले, इथं मी ते नीट करून लिहितोय. डोक्याला लाल पटका, कनवटीला भंडाऱ्याची पुरचुंडी. रोज सकाळी बिरोबाचं नाव घेऊन कपाळाला भंडारा लावायचा. त्याची माणसं मेंढरं घेऊन पश्चिमेकडं गेलेली होती. “मेंढरं काय माझ्यासाठी थांबत्यात व्हय? चरायला तर पायजे,” असं म्हणून हसायचा. हसताना त्याचंही तोंड माझ्यासारखंच दिसायचं, पण त्याला त्याची लाज नव्हती.

त्या खोलीत एक रीत होती. ती डॉक्टरांनी घातलेली नव्हती, रोग्यांनीच चालवलेली होती. पूर्वीच्या कुणा रोग्यानं मागं ठेवलेली एक पितळी झारी तिथं असायची. तिची चोच चांगली लांब होती, त्यामुळं पातळ अन्न जखमेला न लागता थेट घशाकडं जायचं. नवीन माणसाची नाकातली नळी निघाली की सगळ्यांत जुन्या रोग्यानं त्याला पहिले काही दिवस त्या झारीनं पाजायचं. आणि पाजायच्या आधी स्वतः एक घोट घ्यायचा. कारण कापलेलं तोंड बधिर असतं, किती गरम आहे ते त्याला कळत नाही. नर्सबाई रोज सकाळी कुरकुरत ती झारी उकळत्या पाण्यातून काढायच्या, पण रीत काही त्यांनी मोडली नाही.

माझी नळी निघाली त्या सकाळी बिरूमामा झारी घेऊन आला. त्यानं चोच आपल्या तोंडाला लावली, घोट घेतला, थांबला, आणि तीच चोच माझ्यापुढं केली. मी तोंड फिरवलं. एका उष्ट्यानं माझं सगळं गेलं होतं, आता धनगराचं उष्टं पिऊ? तेही त्या तोंडातलं? हे लिहितानाही लाज वाटते, पण माझ्या मनात अगदी हेच आलं होतं. बिरूमामाला ते कळलं. तो आपल्या खाटेवर जाऊन बसला.

मग दोन दिवस बायकोनं आमच्या वेगळ्या भांड्यातून मला पाजलं. तिनं आंबील निववून आणली होती, बोट बुडवून बघितलीही होती. पण चुलीपाशी भाकरी भाजून राठ झालेलं तिचं बोट, त्याला काय कळणार? मला काहीच जाणवलं नाही. संध्याकाळी आत सगळं सुजलं, टाके ढिले झाले, दुसऱ्या दिवशी सपाटून ताप भरला. डॉक्टर माझ्यावर रागावले, बायकोवर नाही. मी पाण्यालाही तोंड लावीना. खरं सांगायचं तर मला आता जगायचं नव्हतं. बायको पायथ्याशी बसून म्हणत होती, “म्याच भाजलं त्यास्नी, म्याच भाजलं.” ते ऐकूनही मी डोळे उघडले नाहीत.

ताप भरल्यापासून तिसऱ्या सकाळी खाटेच्या कडेला कुणी तरी बसल्यासारखं वाटलं. बिरूमामा होता. तो म्हणाला, “गुरवबुवा, आमच्यात कोकरू आईला तुटलं म्हंजी आमी दूध आपल्या तोंडात धरून त्येला पाजतो. चुळीचं ऊन दूध. कोकरू इचारत न्हाई तू कोन म्हून. इचारलं आस्तं तर एक बी जगलं नसतं बगा.” मग त्यानं पुरचुंडी सोडली, भंडाऱ्याचं बोट माझ्या कपाळाला लावलं, त्याच पिवळ्या हातानं झारी उचलली आणि घोट घेतला. या वेळी चोच माझ्यापुढं केली नाही, नुसती धरून बसला. किती वेळ बसला असेल कोण जाणे.

भंडाऱ्याचा वास माझ्या नाकात गेला. गाभाऱ्याचा वास तो, पहाटे दार उघडलं की पहिल्यांदा अंगावर येतो तो. मला एकदम आठवलं, देवीपुढं ठेवलेला नैवेद्य आम्ही काय म्हणून खातो? ती आधी जेवते, आणि तिचं उष्टं आम्ही कपाळाला लावून तोंडात घालतो, त्याला प्रसाद म्हणतो. आयुष्यभर मी ते लोकांच्या हातावर ठेवत आलो होतो. माझ्या उष्ट्या तोंडाला ती किळसली म्हणून वर्षभर मी तिला भ्यालो, आणि आज ती स्वतःचा घोट घेऊन माझ्यापुढं झारी धरून बसली होती. हे मला कुणी सांगितलं नाही. तसं दिसलं, एवढंच. बिरूमामाच्या रूपानं तीच आली होती की बिरूमामा नुसता बिरूमामाच होता, यावर मला वाद घालायचा नाही. मी तोंड उघडलं. कोमट आंबील घशाखाली गेली आणि मी लहान मुलासारखा हुंदके देत प्यालो. “रडू नगा,” बिरूमामा म्हणाला, “ठसका लागंल.”

त्यानंतर मी सुधारत गेलो. पण इथंच ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! मी खाटेवरून उठून चार पावलं टाकायला लागलो तेव्हा बिरूमामाच्या गळ्यात गाठ आली. डॉक्टरांनी त्याला जवळ बसवून सगळं सांगितलं. तो परत आला आणि म्हणाला, “आता कापण्याजोगं न्हाई म्हंत्यात. बरं झालं, कापून कापून मला बी कटाळा आलाय.” त्या दिवशी मी देवीशी मनसोक्त भांडलो. मला पाजायला याला ठेवलंस आणि आता यालाच नेतेस? हे कसलं तुझं आईपण? अशी भाषा मी तिच्यापुढं जन्मात काढली नव्हती. राग गेला नाही, पण ती ऐकतेय एवढं मात्र वाटत राहिलं.

पुढं मामाला गिळता येईना. आता झारी माझ्याकडं आली. माझ्या ओठाची उजवी बाजू शाबूत होती, तिनं मी ऊन-गार बघायचो आणि त्याला पाजायचो. त्याच्या माणसांचा ठावठिकाणा कुणाला ठाऊक नव्हता. चालत्या कळपाला पत्र कुठल्या पत्त्यावर धाडायचं? तो त्यांचं नावही काढत नव्हता. एकदाच म्हणाला, “बुवा, तुमी शंख वाजीवता म्हनं. गावाकडं गेल्यावर माझ्या बिरुबाच्या नावानं एक डाव वाजवा. तेवढं करा.” आता माझ्या तोंडातून शंख कसला वाजतोय! गालच राहिला नव्हता. पण मी म्हटलं, “वाजवतो मामा.” माझी वाकडी बोबडी भाषा त्याला कळली. मी खोटं बोलतोय हेही कळलं असावं, कारण तो हसला.

एका सोमवारी सकाळी मी घोट घेऊन झारी त्याच्या तोंडाला लावली. आत काही गेलं नाही, सगळं कडेनं बाहेर आलं. मी माझ्या खांद्यावरच्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. त्यानं भंडाऱ्यानं पिवळा झालेला अंगठा माझ्या मनगटावर दाबला आणि तसाच राहू दिला. सूर्य माथ्यावर यायच्या आत तो गेला. त्याचं असं तिथं कुणीच नव्हतं. आम्ही खोलीतले दोघं, इस्पितळातली चार माणसं आणि माझी बायको, एवढ्यांनी त्याला कृष्णेच्या काठावर पोचवलं. मूठमाती मी दिली. घरचं माणूस गेल्यावर करावं तेवढं सगळं केलं. तरी अजून वाटतं, कमीच पडलं.

मला घरी सोडायच्या आधी सांगलीचे एक मास्तर आमच्या खोलीत आले, सोवळ्याओवळ्याचे मोठे. त्यांची नळी निघाली तेव्हा खोलीत सगळ्यांत जुना मीच होतो. मी घोट घेतला आणि झारी पुढं केली. मास्तरांनी भिंतीकडं तोंड केलं. मला राग आला नाही. मी झारी धरून बसून राहिलो, बिरूमामा बसला होता तसाच. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर वळले.

गावी आलो. मला कुणी अडवलं नाही, पण गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी माझे पाय आपोआप थांबले. पूजा आता भाऊ करतो. त्याच्यासाठी नवा शंख आणला होता आणि माझा जुना कोनाड्यात पडून होता. मी देवळाच्या पायरीवर बसायला लागलो. फुलं निवडायची, वाती वळायच्या, तेवढीच सेवा. आतून आरतीचा आवाज आला की हातातली वात अर्धीच राहायची. दिलेला शब्द आठवायचा, पण कोनाड्याकडं जायला धीर व्हायचा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात धनगर आले. खतासाठी शेतात मेंढरं बसवतात आमच्याकडं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याच्या कपाळावर भंडारा बघून मी विचारलं, जतकडचा बिरू ठाऊक आहे का? तो म्हणाला, “व्हय तर. त्येचा ल्योक आमच्या म्होरल्या कळपात हाय. बाप मिरजंत ऱ्हायलाय म्हंतो, बरा हाय न्हवं?” म्हणजे माझ्या तोंडूनच ते सांगायचं होतं. मी सांगितलं. कसा गेला, कुणी पोचवलं, सगळं. म्हाताऱ्यानं पटका काढून मांडीवर ठेवला. लेकाला निरोप सांगतो एवढं कबूल करून तो उठला.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी जुना शंख घेऊन पायरीवर उभा राहिलो. पहिल्यांदा फुंकला, नुसती हवा. दुसऱ्यांदा हवा आणि लाळ. बायको फुलांची परडी घेऊन खाली उभी होती. ती वर आली आणि आपला राठ तळहात तिनं माझ्या डाव्या गालावर दाबून धरला, जिथून हवा पळत होती तिथं. म्हणाली, “आता फुका.” मी मनात म्हटलं, आई, माझ्याकडं आता एवढंच आहे, हे खरकटं तोंड आणि हा दुसऱ्याचा हात, चालवून घे. आणि बिरोबाचं नाव घेऊन फुंकलं. शंख वाजला. घोगरा, तुटका, ओढ्यापर्यंतही गेला नसेल. पण देवळाखालच्या शेतातला तो म्हातारा उठून उभा राहिलेला मला दिसला.

पूर्वी मी देवीला चोख तेवढंच द्यायला बघायचो आणि जे चोख नव्हतं ते लपवायचो. त्या लपवण्यात माझं तोंड गेलं. आता लपवायला काही उरलंच नाही, आणि तिच्या पायरीवर बसताना मला पहिल्यांदा भीती वाटत नाही. बिरूमामाचं दुःख मात्र आहे, ते कमी व्हावं असं मी मागतही नाही.

त्या संध्याकाळी शंख लाळेनं माखला होता. तो पुसायला सवयीनं मी धोतराचा सोगा उचलला. मग सोगा खाली सोडला आणि शंख तसाच, न पुसता, देवीच्या उंबऱ्यावर ठेवला.